विसावा फोटो

चैत्रातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, आबांच्या बोलण्याचा पहिला तास झाला. फी सहाशे रुपये. ती मी आदल्या दिवशीच मोबाईलवरून भरली होती. हजर होतो आबा, आई आणि मी, आणि मोबाईलच्या पडद्यावर पुण्याच्या, वाचेवर उपचार करणाऱ्या ताई.

आबांना अर्धांगाचा झटका येऊन महिना झाला होता. उजवा हात थोडा उचलू लागला होता, पण वाचा बसली होती. समजायचं सगळं, शब्द ओठांपर्यंत येऊन परत फिरायचे. आठवड्यातून दोनदा त्यांना पुण्याला नेणं आम्हाला झेपणारं नव्हतं, म्हणून हा मोबाईलवरचा तास.

ताईंच्या ॲपमध्ये चित्रं होती. चित्र दिसलं की आबांनी नाव सांगायचं. पियानो आला, पेंग्विन आला. आबा नुसते माझ्याकडे बघत राहिले.

"ही त्यांच्या आयुष्यातली चित्रं नाहीत," ताई म्हणाल्या. "घरचे वीस फोटो काढून पाठवा. आपण तेच घालू."

मी काढले. विळा, कणगी, कोंबडा, भातलावणीच्या पावसात अंगावर घ्यायचं इरलं. घोरावाडीचा फलाट, जिथून आबा नोकरीभर लोणावळ्याला रेल्वेच्या कामावर जात. विसावा फोटो आईचा, चुलीपुढचा.

आईला मात्र तासाला बसवता येईना. आबांनी तोंड उघडायच्या आत ती उत्तर द्यायची. "इळा हाय त्यो. म्हना की इळा."

"मावशी, परीक्षा आबांची आहे," ताई हसून म्हणाल्या.

"त्येंची काय अन् माझी काय," म्हणत आई स्वयंपाकघरात गेली. जाण्याआधी ताईंचं लग्न झालंय का, सासर कुठलं, एवढं विचारून घेतलं.

शब्द परत येऊ लागले. पहिला आला तो 'इरलं'. त्या दिवशी मी बाहेर जाऊन डोळे पुसून आलो. विसातले सहा झाले, मग नऊ, चौदा. ज्येष्ठ सरताना एकोणीस. विसाव्यापाशी गाडं अडलं. आईचा फोटो आला की आबा मान खाली घालत, खांद्यावरचा टॉवेल सारखा करत आणि खोकत. मी पाणी द्यायचो. आवाज ऐकून आई दारात यायची, मी तिला हातानेच माघारी पाठवायचो. खोकल्याचं औषधही आणलं, दिवसातून दोन चमचे.

ताई एकदा मला जपून म्हणाल्या, "वस्तू आधी आठवतात, माणसं कधीकधी मागून. पण कदाचित ते मावशींना ओळखतच नसतील. मावशींना इतक्यात काही बोलू नका."

मी बोललो नाही. आई दर तासानंतर विचारायची, "आज किती?"

"एकोणीस."

"आन् येक कोंचा ऱ्हायला?"

"विमानाचा," मी थाप मारली.

"इमान त्यांनी जवळनं कवा बघितलंय? काढून टाक त्यो फोटो."

मी काढला नाही. ती त्यांना भात कालवून भरवायची आणि ते मुकाट्याने खायचे. आपल्याला कोण भरवतंय असं त्यांना वाटत असेल, हा विचार माझ्या मनातून जाईना.

एका सोमवारी खोलीत रेंज नव्हती. मी आबांना ओट्यावर बसवून फोन लावला. आई तिथेच सुपात तांदूळ निवडत होती. तिला ऊठ म्हणायला जीभ रेटेना. विसावा फोटो आला.

"आबा, ह्या कोण? नाव सांगा."

आबांनी टॉवेल सारखा केला आणि ते खोकले. मी तांब्याकडे हात नेला. सुपातून मान न उचलता आई म्हणाली, "आले वो. हितंच हाय न्हवं मी."

ताई थांबल्या. "मावशी, तुम्ही कुणाला उत्तर दिलंत?"

"ह्येंना. हाक मारली की."

"ते तर खोकले."

"खोकला येगळा, बाई. ह्ये खाकरनं." आई हसली. "नाव न्हाई घ्यायचे ते. लग्नात येकदा घेतलं उखान्यात, त्येबी करवल्यांनी दार अडवलं म्हनून. तवापास्नं खाकरलं की मी समजायचं."

हे खाकरणं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तासाला बसलो की मात्र तेच मला आजार वाटायचं.

आबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. डाव्या हाताचं बोट माझ्याकडे रोखून, एकेक अक्षर जुळवत ते म्हणाले, "औषध... लय... कडू."

फोटोंच्या बाहेरचं हे त्यांचं पहिलं बोलणं. ॲप अजून नाव ऐकायला थांबलं होतं. ताईंनी बरोबरची खूण स्वतःच्या हाताने केली.

श्रावणात तास संपले. "लेकीसारखी पोर, तिला मोकळ्या हातानं कसं लावून द्यायचं? आन् फोनात वटी भरता येती व्हय?" असं म्हणून आईने आम्हा दोघांना घेऊन घोरावाडीहून लोकल पकडली. पुण्यात, दवाखान्यात, ताईंनी ओढणी पसरली. आबा काठी टेकून शेजारी उभे होते.

शेवटच्या तासाची फी सहाशे रुपये, मोबाईलवरून, दवाखान्याला. खण, नारळ, घरचे तांदूळ आणि वर एकावन्न रुपये, आईच्या हातून, ताईंच्या ओटीत.