साडीचोळीसाठी थांबवलेली सून

ती केस माझ्या डोक्यातून कधी गेली नाही, आणि जाऊही नये.

तेव्हा सीमेवर लढाई चालू होती. अंबड तालुक्यातल्या एका गावी एक संपादक साप्ताहिक काढायचा. 'लढाई थांबवू नका, आणखी जवान पाठवा,' असं दर अंकात लिहायचा. स्वतःचा मुलगा मात्र औरंगाबादेत दुकानात बसवलेला! गावानं चौकात मंडप टाकून त्याचा सत्कार केला. गावातल्याच शहीद जवानाच्या बायकोनं त्याला खोक्यातली मूर्ती भेट दिली. थोड्या वेळानं त्या खोक्याचा स्फोट झाला. संपादक जागीच गेला. मंचावर बसलेली ती बाई वाचली, पण तिचा एक कान कायमचा गेला.

दवाखान्यात मी तिचा जबाब घेतला.

"मूर्ती कुठून आणली?"

"बाजारातून. मीच आणली."

"दुकान कोणतं?"

"आठवत न्हाई."

वरिष्ठ म्हणाले, "वस्तू तिच्या हातची, रागही असणारच. अटक करा." माझं मन घेईना. खोक्यात काय आहे हे ठाऊक असलेला माणूस त्याच्याशेजारी बसून राहील? आणि गुन्हा तिच्या गळ्यात पडला, तर ती सरळ फासावर जाणार होती.

साक्षीदार नेहमी स्फोटानंतरचं सांगतात. मी आधीचं विचारत फिरलो. चौकातला चहावाला तोंड उघडेना.

"अरे, मी काय खातो का तुला? बोल."

"साहेब, तिचा सासरा इथंच चहा पिऊन राह्यला होता. एकदम कप टाकून मंडपाकडं पळाला. 'पोरी, खाली उतर' म्हणून वरडत होता. मंग धमाका झाला."

"धमाक्याच्या आधी पळाला?"

"बिलकुल आधी."

सासरा विहिरींचे सुरुंग उडवायचं काम करायचा. त्याला ठाण्यात बोलावलं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. म्हातारा ढिम्म हलेना. शेवटी म्हणालो, "बाबा, सुनेनं सगळं स्वतःवर घेतलंय. उद्या तिला कोर्टात हजर करतो."

म्हातारा ढसाढसा रडायला लागला. "तिला काय बी ठाऊक न्हाई, साहेब. खोकं म्याच भरलं. मूर्ती देऊन जल्दी घरी ये, म्हणलं होतं. माझं लेकरू गेलं, अन् ह्यो अजून लेकरं मागून राह्यला होता!"

शहिदाच्या बायकोला साडीचोळी केल्याशिवाय गाव मंचावरून उतरू देत नाही, ही साधी गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती. संयोजकांनी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं होतं. म्हाताऱ्यानं सुरुंगाची उरलेली दारू शेतातून काढून दिली, पंचनामा झाला, सून सुटली. त्याला जन्मठेप लागली.

संपादक काय आणि म्हातारा काय, दुसऱ्याच्या लेकराचं मरण दोघांनाही सोपं वाटलं. माणूस आपल्या लेकरासाठीच पळतो, हे मी त्या केसमध्ये शिकलो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढं एकदा ती जेलच्या फाटकाशी भेटली, हातात भाकरीचं गाठोडं.

"सासऱ्यापायी मरता मरता वाचलीस, तरी येतेस?" मी विचारलं.

तिनं चांगला कान माझ्याकडं वळवला होता. दुसऱ्या कानाला हात लावून म्हणाली, "मामाची हाक ऐकून उठले म्हणून वाचले, साहेब. ह्या कानात शेवटची तीच पडली."