पायानं वाजणारी गिटार

मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. जेवताना पाय हलतो, वाचताना हलतो, कुणी कामाचं सांगत असलं तर जास्तच हलतो. दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांत याचा त्रास फक्त आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना व्हायचा. "पाय हलवू नको," ते म्हणायचे. शेजारीपाजारी याला अपशकुन म्हणत, पण आमच्या घरातून देवांबरोबर शकुन-अपशकुनही गेले होते. मग यांना काय खुपतं, ते मला कळत नसे. पाय थांबवायची, आणि ते वळले की पुन्हा सुरू.

आबा पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. पत्रा हाताने आत ठेवायचा, हात काढायचा, मग पायाने पेडल दाबायचं. मी शाळेत असताना एका ओव्हरटाइमला हात निघायच्या आधी पाय पडला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. त्याआधी ते भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पेटी एका साथीदाराला देऊन टाकली. नंतर कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, आणि ते घरातही स्टोअरमध्ये बसल्यासारखेच बसू लागले.

त्यांना उठवलं ते देहूरोडच्या मास्तरांनी. पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेला हा म्हातारा मांडीवर आडवी ठेवून हवाईयन गिटार वाजवायचा. डाव्या हातात लोखंडी बार, तो तारांवरून सरकवायचा. उजव्या हाताच्या बोटांत नख्या, त्यांनी तारा छेडायच्या. एका जलशात त्यांनी आबांचा हात पाहिला. कीव वगैरे काही केली नाही. म्हणाले, "या वाद्याला उजवीकडची तीनच बोटं लागतात. तुमच्याकडे तेवढी आहेत."

मग दर सुट्टीला आबा सायकल दामटत देहूरोडला. काही वर्षांतच आमच्या खोलीत इतर प्रेसवाले शिकायला येऊ लागले. कुणाचं एक बोट गेलेलं, कुणाचं दीड. शिकवणीत एकमेकांच्या हाताकडे बघायचं नाही, नजर तारांवर ठेवायची, हा तिथला नियम होता. तो कुणी घालून दिलेला नव्हता. त्या घोळक्यात दहा बोटांची मी एकटीच. मी आबांकडून शिकले, पण माझ्यात धीर नव्हता. त्यांचा सूर पाण्यासारखा सरकायचा आणि माझा ठेचकाळायचा.

मी एका कारखान्यात पॅकिंगला लागले, तेव्हा मास्तर पार थकले होते. एका भेटीत त्यांनी मला परदेशी मासिकातलं चित्र दाखवलं. आपलीच गिटार, पण चार पायांवर उभी, आणि खाली पेडलं. "बार सगळ्या तारा एकत्र सरकवतो," ते म्हणाले. "पेडल एकच तार ताणतं. बाकीच्या तिथंच राहतात आणि ती एकटी वर चढते. मी रेडिओवर ऐकलंय. माझ्या हयातीत इथं कुणी वाजवलं नाही. तुम्ही बापलेक बघा." चित्र घेऊन मी घरी निघाले ती चालत नव्हते, पळत होते.

रेल्वे फाटकाजवळ स्कूटर दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांना ब्रेकच्या वायरी मागितल्या तर हसले. "बेटी, ही वायर गाडी थांबवते. गाणं वाजवायची तिला सवय न्हाई." पण रोज संध्याकाळी माझ्याबरोबर खपले. माझ्या गिटारला चार पायांची लोखंडी घोडी झाली, खाली पेडल बसलं, ते वायरीने एका तारेला जोडलं. वायर कधी निसटायची, कधी तार तुटून माझ्या हाताला ओरखडा काढायची. मी चिडायची, चाचा चहा मागवायचे. शेवटी एका संध्याकाळी पेडल दाबलं आणि एकच तार, न थरथरता, वर चढली. माझा हात कच्चा होता, मला त्यातून गाणं काढता येणार नव्हतं. ते आबांनाच जमलं असतं.

गिटार घोडीसकट रिक्षात घालून घरी आणली. आबा तिच्याभोवती फिरले, तारा चाचपल्या, खूष झाले. मग खाली वाकले आणि त्यांना पेडल दिसलं. "न्हाई," ते म्हणाले आणि खाटेवर जाऊन बसले.

मी ऐकणारी नव्हतेच. मास्तरांचं काय, चाचांच्या मेहनतीचं काय, माझं काय, सगळं बडबडले. आई भाकरी थापायची थांबली. आबा शांतपणे म्हणाले, "हात वर कामात असताना खाली पाय पेडलवर ठिवायचा. ते एकदा केलंय मी. माझ्या पायावर माझा भरवसा न्हाई, पोरी."

माझा पाय हलत होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि तो पहिल्यांदाच आपोआप थांबला. इतकी वर्षं ते माझ्या पायाकडे का बघत होते, ते तेव्हा कळलं, आणि मला रडू आलं.

मी गिटारच्या शेजारी स्टूल ओढलं आणि माझा पाय पेडलवर ठेवला. "तुम्ही फक्त हात चालवा. पाय माझा."

आबा खाटेवरून उठून आले, नख्या चढवल्या, बार उचलला. "सांगून दाब," म्हणाले.

"दाबते," मी म्हटलं. तार चढली आणि आबांचा हात झटक्यासरशी तारांवरून वर उडाला. त्यांनी हात पुन्हा ठेवला. "दाबते." पुन्हा उडाला, पण थोडा कमी. मी सांगत राहिले, ते हात ठेवत राहिले. हळूहळू हात तारांवरच राहू लागला. मग त्यांनी त्यांच्या पेटीच्या दिवसांतलं एक गाणं धरलं, आणि त्या चढत्या तारेने त्यात असं काही आणलं की आईने चुलीवरचा तवा उतरवून ठेवला.

मीही गाण्यात गेले. आणि एका जागेवर सांगायचं विसरून पेडल दाबलं. तार चढली. मी घाबरून पाय उचलला आणि त्यांच्या हाताकडे बघितलं. हात होता तिथंच होता.

"थांबलीस कशाला?" आबा म्हणाले. "हलव की पाय."