कान बांधले होते का

बाळांनो, तुमच्या सायकलप्रवासाची फिल्म तुमच्या बाबांनी मला दाखवली. ती संपल्यावर आजी काहीच का बोलली नाही, असं तुम्ही फोनवर विचारलंत. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

माझं लग्न होऊन मी नगर शहरातून काष्टीजवळच्या आपल्या गावी आले, तेव्हा घरात सासू-सासरे, तुमचे आजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ अशी चौघं होती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. भाऊजी पुण्याला कॉलेजात शिकत होते. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, याचं घरात सगळ्यात जास्त कौतुक त्यांना होतं. सुट्टीत आले की चुलीपाशी बसून माझ्याकडून इंग्रजी पत्रं तपासून घेत.

एका हिवाळ्यात त्यांनी कॉलेजातल्या तीन मित्रांबरोबर पुणे ते दिल्ली आणि परत, असा सायकलप्रवास ठरवला. सासरे म्हणाले, "रेल्वे काय मोडून पडलीय व्हय?" आत्याबाईंनी काष्टीच्या बाजारातून एक मफलर आणला आणि निघताना भाऊजींच्या गळ्यात घातला.

"तिकडं थंडी लई असती. कान बांधत जा."

"आई, मफलर बांधून सायकल चालवली तर लोक म्हणतील, म्हातारा चाललाय."

"म्हनू दे. म्हातारा झालेला बघायचाय मला."

सगळे हसलो होतो.

दिल्ली गाठल्याचं पत्र आलं. परतताना ग्वाल्हेरच्या अलीकडे त्यांना ताप भरला आणि चौथ्या दिवशी ते गेले. तार आली तेव्हा मित्रांनी तिकडेच सगळं उरकलं होतं. अस्थी मित्रांनी आणल्या. सायकल नंतर रेल्वेच्या पार्सलने दौंडला आली, गोणपाटात शिवलेली. सासऱ्यांनी ती न सोडताच गोठ्याच्या आढ्याला टांगली. घरात भाऊजींचा एकच फोटो होता, मॅट्रिकच्या वेळचा. आत्याबाई म्हणत, "शेवटचं तोंड बघितलं न्हाई मी."

सहा-सात महिन्यांनी त्या मित्रांपैकी एकाचं कार्ड आलं. जाताना नाशिकच्या रस्त्यावर मुंबईच्या काही लोकांनी त्यांचं चित्रण केलं होतं. त्याची फिल्म गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर दाखवणार होते.

पुण्याचा टीव्ही तेव्हा नुकताच सुरू झाला होता. आमच्या भागात शुगर फॅक्टरीतल्या एका इंजिनिअरसाहेबांनी बंगल्याच्या गच्चीवर उंच पाइपवर अँटेना उभारून तो पकडला होता. तुमच्या आजोबांनी जाऊन विचारलं. साहेब कामावर असणार होते, पण त्यांच्या बायकोने खुशाल या म्हणून सांगितलं. सासरे आले नाहीत. "सायकलीवर गेलं पोरगं. आता अजून सायकलच बघू?" म्हणाले आणि शेताकडे निघून गेले.

वाटेत बैलगाडीत मी आत्याबाईंना म्हणाले, "तिथं सारखं काही विचारू नका. शिकलेल्या लोकांचं घर आहे." हे मी म्हणाले, हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे.

बंगल्यात आम्ही सतरंजीवर बसलो. टीव्हीवर नुसत्या मुंग्या होत्या. तुमचे आजोबा पाइप फिरवायला गच्चीवर गेले आणि वरून ओरडू लागले, "आलं का?"

"नाही! जरा पुण्याकडं फिरवा!"

"पुण्याकडंच हाय! आलं का?"

"आलं, आलं! आता सोडू नका!"

सोडलं की चित्र जाई. म्हणून ते वरच पाइप धरून उभे राहिले.

पडद्यावर रस्ता दिसला, मग झाडं. आत्याबाई पुढे सरकल्या. तेवढ्यात सूट घातलेला एक माणूस पडद्यावर आला आणि समोर बघत इंग्रजीत बोलू लागला. आत्याबाईंनी चटकन पदर कपाळाखाली ओढला आणि मान खाली घातली. परक्या पुरुषाने असं रोखून पाहिलं की त्यांच्या वयाच्या बायका हेच करत.

इंजिनिअरसाहेबांची बायको म्हणाली, "मावशी, आरामात बसा. तो काही बाहेर येत नाही!" शेजारच्या बंगल्यातल्या दोघी आल्या होत्या, त्या हसल्या. मीही हसले. लाज वाटली म्हणून हसले.

"काय म्हणतोय गं?" आत्याबाईंनी खाली बघतच हळूच विचारलं.

"या मुलांच्या धाडसाबद्दल सांगतोय."

"गेला का त्यो बाप्या?"

"थांबा ना, आत्याबाई," मी म्हणाले. त्याचं इंग्रजी भरभर होतं आणि मला एकही वाक्य सोडायचं नव्हतं.

तो माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून बोलत होता. त्याच्या पाठीमागून चार सायकली आल्या. दुसऱ्या सायकलवर भाऊजी होते. किंचित डावीकडे झुकून सायकल मारायची त्यांची सवय होती, त्यावरून ओळखलं. दोन पायडल, फार तर तीन. मग ते त्या माणसाच्या खांद्याआड गेले आणि पलीकडून बाहेर आले ते मुंग्यांमध्ये.

आत्याबाई माझ्या हाताला हात लावून बसल्या होत्या. नुसतं बोट दाबलं असतं तरी त्यांनी वर पाहिलं असतं. त्या क्षणी मला त्यांची आठवणच झाली नाही.

पुढे दिल्लीतली गर्दी, कुणाकुणाची भाषणं, दुसऱ्याच मुलांचे चेहरे. भाऊजी पुन्हा आले नाहीत. फिल्म संपली. गच्चीवरून हाक आली, "दिसला का?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

"त्यो बाप्या बोलत हुता तवा?"

मी मान हलवली.

त्या उठल्या, घरच्या बाईंना नमस्कार केला, चहा नको म्हणाल्या. आम्ही बैलगाडीत बसलो. तुमचे आजोबा दुखरे तळहात चोळत बैल हाकत होते. त्यांनीही काही पाहिलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांच्या वाटणीचं मी एकटीने पाहिलं होतं.

गाव जवळ आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "कान बांधले हुते का त्यानं?"

बाळांनो, मला ते दिसलं नव्हतं. सगळंच करडं होतं. पण त्या इतके महिने काय धरून बसल्या होत्या ते मला तेव्हा समजलं, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "हो. मफलर होता. नीट बांधला होता."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग ताप कशानं आला गं?"

कान न बांधल्याने थंडी बाधली, एवढं एक कारण त्यांच्याजवळ होतं. हट्टी पोरावर रागावायची तेवढीच जागा होती. मी तीही काढून घेतली. खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण आता कुठलं खरं मानतील, या भीतीने मिटलं.

पुढे कित्येक वर्षं, भाकरी थापताना, शेंगा फोडताना, त्या मध्येच म्हणत, "सांग की कसा दिसला." मी सांगत असे. डावीकडे झुकलेले, दुसऱ्या सायकलवर, मफलर बांधलेले. मफलरचा रंगही सांगू लागले, काळ्यापांढऱ्या पडद्यावर दिसलेला. त्यांनी कधी हटकलं नाही. त्या गेल्या त्या वर्षीही हे सांगितलं होतं.

आता डोळे मिटले की मला भाऊजी मफलरसकट दिसतात. मुंग्या नाहीत, मध्ये तो माणूस नाही. त्या संध्याकाळी जे खरोखर पाहिलं, ते सांगता सांगता माझ्याकडूनही गेलं. आत्याबाईंनी पाहिलं नाही, आणि आता मीही पाहिलेलं नाही.

तुमच्या फिल्ममध्ये उताराच्या रस्त्यावर तुम्ही दोघं हसत येताना दिसलात. तुमच्या बाबांनी विचारलं, "आई, मागे नेऊन पुन्हा दाखवू?" मी नको म्हणाले. एकदाच पाहिलं, पण मान वर करून पाहिलं. तुमच्या मागे डोंगरावर बर्फ होतं आणि दोघांचेही कान उघडे होते.