धोतराच्या पिशव्यांतली मोहरी

मी लेखक नाही, तरी लिहायला बसलो, याची आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून हे काम माझ्याकडे आलं, इतकंच.

साठ सालाच्या थोडं आधीची गोष्ट. यवतमाळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सरांनी प्रत्येकाला एकेक झाड वाटून दिलं. मला पांढरी मोहरी आली. काही झाडांची फुलं झाकायची, काही उघडी ठेवायची, आणि दोन्हींचं बी वेगवेगळ्या पुडीत आणून द्यायचं. त्याशिवाय परीक्षेला बसता येणार नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत नेरजवळच्या आमच्या वावरात, विहिरीपाशी, मोहरी पेरली. नाताळात गेलो तर कळ्या आल्या होत्या. आईनं बाबांच्या जुन्या धोतराच्या पिशव्या शिवून दिल्या, त्या मी शेंड्यांना बांधल्या. पुढं उघड्या फुलांवर मधमाश्या घोंगावू लागल्या. जवळून गेलं तरी सदऱ्याला पिवळे पराग लागत. बाबा म्हणाले, "झाडाले घुंगट काहून घातला बाप्पा? लगन हाय का तिचं?"

माघ सरताना पिशव्या सोडल्या. उघड्या झाडांच्या शेंगा दाण्यांनी टच्च भरलेल्या. झाकलेल्यांच्या बारीक, वाळक्या, आत काहीच नाही. मला वाटलं, मीच दोरा जास्त आवळला. आईला वाटलं, नजर लागली. तिनं मीठमोहरी आणून मोहरीवरूनच ओवाळून टाकली. तेव्हा मला हसूही आलं नाही.

संध्याकाळी मी उघड्या झाडांचे थोडे दाणे झाकलेल्यांच्या पुडीत टाकले. आईनं पाहिलं आणि विचारलं, हे कुठून आलं. मी खरं ते सांगितलं.

"नाही पिकलं तं नाही पिकलं म्हणाव," ती म्हणाली. "दुसऱ्या झाडाचं याचं म्हणून कायले सांगतं?"

मी दाणे काढले आणि पुडीत वाळक्या शेंगा भरल्या. सर रजेवर होते, म्हणून प्रयोगशाळेतल्या शिपायाकडे दोन्ही पुड्या देऊन होळीला घरी आलो. आता कॉलेज संपलं, असंच धरून चाललो होतो.

बाबा नेरच्या बाजारातून परतले ते पटक्यात पोस्टकार्ड खोचून. "वाच," म्हणाले. मी आधी मनात वाचलं, मग दोघांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सरांनी लिहिलं होतं: झाकलेल्या फुलांत बी धरले नाही, हेच बरोबर आहे. पांढरी मोहरी स्वतःच्या परागावर बी धरत नाही, दुसऱ्या झाडाचे पराग माशीने आणावे लागतात. परीक्षेला बसावे.