ओवाळणीत मागितलेली केस

माझ्यावर कोर्टात केस करा, अशी विनंती करायला मी भाऊबीजेच्या दिवशी बाभुळगावला निघालो होतो. सोबत साडी होती आणि बायको होती. यवतमाळ सोडल्यापासून बायको एकच विचारत होती, "आधी साडी द्यायची की आधी केसचं बोलायचं?" मी आरसा नीट करत राहिलो.

याची सुरुवात उन्हाळ्यातल्या एका लग्नात झाली. लग्न बायकोच्या नात्यातलं, बाभुळगावातच. जेवणं आटोपली होती, वरात निघायच्या बेतात होती आणि मंगल कार्यालयाबाहेर गाड्यांची दाटी होती. मी आमची कार मागे घेत होतो. कार मागे घेण्याची आमच्या घरी एक पद्धत आहे. मी चालवतो आणि बायको मागे उभी राहून हाताने 'येऊ द्या, येऊ द्या' करते. ती 'थांबा' म्हणत नाही तोवर मी थांबत नाही. संसारात मी एवढी एकच आज्ञा मनापासून पाळत आलो आहे. त्या दिवशी तिला मध्येच तिच्या माहेरची कोणीतरी भेटली. तोंड माहेरी गेलं, हात मात्र 'येऊ द्या' करत राहिला. मी आरशात तो हात पाहिला. रस्ता पाहिला नाही.

गाडी कशाला तरी टेकली. उतरून पाहतो तर एक पन्नाशीची बाई रस्त्यावर बसलेली, छातीशी कापडी पिशवी धरून. गावात त्या शिवणकाम करत. नवरीच्या नणंदेचा ब्लाउज ऐनवेळी उसवला होता, तो दुरुस्त करून घेऊन आल्या होत्या. उजवा पाय घोट्यातून विचित्र वळला होता आणि त्या म्हणत होत्या, "आधी हे अंदर द्या. पोरगी तशीच बसून राह्यली."

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडलं. मला सगळं सांगायचं होतं, जमल्यास लहानपणापासून. पण बाईंनी मला हाताने अडवलं आणि म्हणाल्या, "घसरून पडली जी मी. पायरीवरून."

बाहेर आल्यावर मी विचारलं, असं का सांगितलंत?

"लग्नाच्या घरी पोलीस आणता काय, साहेब? पोरीले सासरी जाऊ तर द्या."

आमच्याकडे मांडवात कोणी पोलिसांचं नाव काढत नाही. दोन्हीकडच्या मंडळींनी त्या बाईंचं फार कौतुक केलं. आपसात मिटलं म्हणाले. पहिल्या ऑपरेशनचा खर्च मी केला आणि सगळ्यांनी माझंही कौतुक केलं. मला तर त्या बाईंच्या जागी देवीच दिसू लागली. इतका मोठा गुन्हा करून इतकं कौतुक मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

मग मी दर रविवारी बाभुळगावला जाऊ लागलो. त्या एकट्याच राहत, मुलगी पुसदला दिलेली. मी सफरचंदं घेऊन जायचो, त्यांच्या प्लास्टरकडे पाहत बसायचो आणि माझी चूक पुन्हा पहिल्यापासून सांगायचो. तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्या म्हणाल्या, "भाऊ, पाय माहा मोडला अन् कण्हून तुमी राह्यले. अन् हे सफरचंद आता बास करा. शेजारचे विचारतात, मशीन विकून फळाचं दुकान टाकलं काय म्हणून."

'साहेब'चं 'भाऊ' झालं होतं. राखीपौर्णिमेला त्यांनी राखी बांधली, मी 'ताई' म्हणू लागलो. त्या दिवशी परतताना मला वाटलं, देवाने माझी चूक पदरात घेतली.

देवाने घेतली असेल. हाडाने घेतली नव्हती. प्लास्टर निघाल्यावर पाऊल सरळ टेकेना. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, नाहीतर मशीनचा पायटा चालवणं विसरा. शिवणकाम बंद म्हणजे ताईंचं सगळंच बंद. माझी झेप पहिल्या ऑपरेशनलाच संपली होती आणि पुन्हा देऊ केलं असतं तरी ताईंनी हात मागे घेतला असता.

माझा एक शाळासोबती यवतमाळला वकिली करतो. त्याच्यापुढे मी सगळं ओतलं. तो सुपारी कातरत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "गाडीचा विमा चालू आहे ना तुझ्या?"

"आहे."

"मग तो कोणासाठी आहे असं वाटतं तुला? तुझ्या पापासाठी नाही बाबू, तिच्या पायासाठी आहे. तुझ्या गाडीने दुसऱ्याला लागलं तर भरपाई कंपनीने द्यायची. पण कंपनीला स्वप्न पडत नाही. त्या बाईंनी अपघात न्यायाधिकरणात अर्ज केला पाहिजे, तोही सहा महिन्यांच्या आत. त्यात सामनेवाला नंबर एक तू आणि नंबर दोन कंपनी."

"पण माझी चूक..."

"चूक आहे म्हणून तर मिळेल. तुझी चूक कायद्याला हवी आहे, तुझं रडणं नको आहे. आणि तुम्ही दोघांनी काय केलं? ना रिपोर्ट, ना पंचनामा, वरून डॉक्टरला सांगितलं पायरीवरून पडली. अपघातच पुसून टाकला. मग राखीही बांधून घेतली. आता भावावर केस करेल कोण?"

बायकोची काळजी वेगळी होती. "गाडीला हात मी करत होते. मग मी सामनेवाली नंबर किती?"

"वहिनी, तुम्ही साक्षीदार. जबाबदार चालवणारा. हात कोणाचाही असो, आरशात पाहायचं काम त्याचं."

ती जरा खुलली. पंचवीस वर्षं ती हेच सांगत होती, आता कायद्यानेही सांगितलं.

तर अशी ती भाऊबीज. ताईंनी पाटावर बसवून ओवाळलं. बायकोने साडी पुढे केली, आणि मी ताटातला करदोडा-सुपारी पाहत म्हणालो, "ताई, आज मलाही काही मागायचं आहे. माझ्यावर केस करा."

त्यांनी निरांजन खाली ठेवलं. "भाऊबीजेले? डोकं ठिकाणावर आहे ना?"

मी कंपनी, विमा, सामनेवाला, सगळं समजावलं. त्यांनी मान हलवली. "लोक काय म्हणतील? भाऊ म्हणून राखी बांधली, अन् कोर्टात ओढलं. तुमी इतके रविवार आले, ते कायले आले मग?"

तेव्हा मला कळलं. माझ्या सफरचंदांनीच त्यांची वाट अडवली होती. माझं मन हलकं व्हावं म्हणून मी जात राहिलो, आणि जितका जात राहिलो तितकं त्यांना माझ्याविरुद्ध तोंड उघडणं कठीण झालं. हे मी त्यांना सांगितलंही. मला असलं काही पोटात ठेवता येत नाही.

"झालं, पुन्हा सुरू झाले," ताई बायकोला म्हणाल्या. मग पायाकडे पाहत म्हणाल्या, "केस नाही केली तर हे दर रविवारी असेच बोलतीन काय वं?"

"दर रविवारी," बायको म्हणाली. "आणि मला बाकीचे दिवस."

"मग आणा तो कागद."

मित्र ताईंचा वकील झाला, विमा कंपनीने आपला वकील उभा केला. पोलिसांत उशिरा का होईना रिपोर्ट झाला, माझ्यावर रीतसर गुन्हा नोंदला गेला आणि जामीन होईस्तोवर ठाण्यात बसलो तर ताईंनी शेजारणीच्या हाती डबा पाठवला. ठाणेदार डबा पाहून म्हणाले, "फिर्यादीचा डबा आरोपीला? या नोकरीत हे पहिल्यांदाच पाहतो."

कंपनीला संशय येणं साहजिक होतं. सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी ताईंना विचारलं, "हे सामनेवाले तुमचे कोण?"

"भाऊ."

माझ्या वकील मित्राने कपाळाला हात लावला.

"सख्खे?"

"नाही जी. धडकेतले."

न्यायाधीश साहेबांनीही खाली मान घालून हसू लपवलं. मग प्रश्न आला, दवाखान्यात पायरीवरून पडल्याचं का सांगितलं? "खोटं बोलली," ताई म्हणाल्या. "लग्नघर होतं. पोरगी सासरी गेली, सुखात आहे. आता माहा पायही चालला पाहिजे ना?" कंपनीचे वकील म्हणाले, मशीनला मोटर लावा. "लाइन राह्यते काय दिवसभर? या एक दिवस बाभुळगावले."

माझी पाळी आली तेव्हा मी सविस्तर सुरू केलं. "विचारलं तेवढंच सांगा," साहेब म्हणाले. हे मला दोनदा ऐकावं लागलं.

पण आमच्या शब्दांनी काही होत नव्हतं. कंपनी म्हणे, हे सगळं संगनमत. तेव्हा बायकोला आठवलं, वरातीचं शूटिंग चालू होतं. नवरीकडून ते मागवलं. बँडच्या मागे, कोपऱ्यात, आमची कार मागे सरकताना दिसत होती. पिशवी घेतलेल्या ताई दिसत होत्या. आणि अगदी मध्यभागी, हिरव्या पैठणीत, पाठ फिरवून गप्पा मारणारी बायको आणि तिचा 'येऊ द्या, येऊ द्या' करणारा हात. सगळे गंभीर होऊन पाहत होते. बायको माझ्या कानात म्हणाली, "मी मागून इतकी जाड दिसते?"

त्यानंतर कंपनीने ताणलं नाही. लोकअदालतीत तडजोड झाली. म्हणजे आपसातच मिटलं, पण या वेळी ज्याने द्यायचं त्याने दिलं.

नागपूरला ऑपरेशन झालं. आम्ही परवा बाभुळगावला गेलो तर गल्लीच्या तोंडापासूनच मशीन ऐकू येत होती. घरात बायकोचा ब्लाउज शिवणं चालू होतं. ताईंचा उजवा पाय पायट्यावर वरखाली होत होता. अधूनमधून थांबत होता, घोटा चोळला जात होता, पुन्हा सुरू होत होता. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. ताईंनी सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं, "भाऊ, विचारलं तेवढंच."

निघताना गल्लीतून गाडी मागे घ्यायची होती. बायको सवयीने दार उघडू लागली.

"बसा वं तुमी अंदर," ताई म्हणाल्या. "दोघंही बसा." आणि किंचित लंगडत त्या गाडीच्या मागे गेल्या, चांगल्या लांब, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि मग हात वर केला.