दाव्याची गाठ

राहनाळमध्ये आमच्या दुधाला चांगलं नाव आहे. दूध सोडावं म्हणून म्हशींना इंजेक्शन देत नाहीत, असं लोक अजूनही सांगतात. ते खरं आहे. इंजेक्शन आम्ही कधीच दिलं नाही. त्याऐवजी काय केलं, ते मी घराबाहेर कुणाला सांगितलं नाही.

रेडकू समोर आल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही. म्हणून त्याला दोन घोट पिऊ द्यायचे आणि ओढून दाराशी आखूड दाव्यानं बांधायचं. मादी असली तर तिच्यासाठी थोडं दूध ठेवायचं, पुढे ती दूध देणार असते. नर असला तर नाही. बायको एकदा म्हणाली, "एक सड त्याला सोडा की."

"रेडा हाय तो," मी म्हणालो. "त्याला काय शाळंत घालायचाय?"

ती हसली नाही. ते रेडकू उपाशी मेलं. मी त्याचं कातडं काढून त्यात पेंढा भरला आणि ते म्हशीपुढे ठेवलं. ती ते चाटायची, मी बादली भरायचो. लोक म्हणायचे, याच्या हाताला गुण आहे. मी ऐकून घ्यायचो. पुढे हीच रीत पडली.

आता चरायची जमीन गोदामांना दिली. उरलेल्या म्हशी तबेल्याबाहेर पडत नाहीत. दारातूनच ट्रक जातात. गेल्या आठवड्यात एक व्याली. रेडा झाला.

"याला पिऊ दे रे," मी मुलाला म्हटलं.

धार न थांबवता तो म्हणाला, "तुम्हीच शिकवलंय ना, बाबा? आता पुण्य आठवलं व्हय?"

आज तो बाहेर गेल्यावर मी भिंतीला धरत तबेल्यात गेलो. रेडकाच्या बरगड्या दिसत होत्या. म्हैस साखळी ताणून त्याच्याकडे तोंड नेत होती, पोचत नव्हती. खुंट्याला मीच शिकवलेली गाठ होती, जनावर ओढेल तशी आवळणारी. माझ्या वाकड्या बोटांना ती सुटेना.

सुनेला हाक मारून विळा मागितला.

"कशाला, बाबा?"

"दावं कापायचंय."

तिनं रेडकाकडे पाहिलं. "ह्यांना इचारून देते," म्हणाली आणि फोन आणायला आत गेली.

मी तिथंच खाली बसलो. रेडकू माझी बोटं चोखू लागलं. त्यांत काही नव्हतं, तरी चोखत राहिलं.