आशीर्वादाचा हात

मी मावसभावाला आणायला व्यसनमुक्ती केंद्रात गेले होते. घरी सोडताना तिथे एक रीत आहे. सुटणाऱ्यानं सगळ्यांसमोर आईवडिलांच्या पाया पडून माफी मागायची.

चाळिशीतला एक माणूस वडिलांपुढे वाकला. "चुकलो, अण्णा," म्हणाला. अण्णांनी आशीर्वादासाठी हात उचलला, आणि त्या माणसाचं कोपर झटकन डोक्यावर गेलं. मार चुकवताना लहान मुलं करतात, अगदी तसं.

लोक हसले. अण्णाही हसले. "लहानपणी फार मार खाल्लाय यानं," ते कौतुकानं म्हणाले, "तरी सुधारला नाही." यावर टाळ्यासुद्धा पडल्या.

मला शिसारी आली. केंद्रानं वाटलेला पेढा खाववेना. दारू कशी सोडायची ते इथे त्याला रोज शिकवलं. ती प्यावीशी का वाटते, हे कुणी विचारलं असेल का? त्याच्या कोपराला सगळं आठवत होतं, आणि तरी माफी त्यानंच मागायची होती.

"आता वडिलांच्या धाकात राहा," केंद्राचे प्रमुख माइकवरून म्हणाले.

त्यानं मान डोलावली, पिशवी उचलली आणि अण्णांच्या मागोमाग फाटकाकडे निघाला, त्यांचा हात पोचणार नाही एवढं अंतर राखून.